रविवारचं सूप

थोरलीने शिवणाच्या कात्रीनेच पाकिटाचा कोपरा कापला आणि आतलं सूप पातेल्यात ओतलं. गाजराचे तुकडे टपाटप पडले. सगळे एकसारखे, चौकोनी, मापाने कापल्यासारखे. दर रविवारी भावजय आईसाठी आणायची त्या डब्यात हेच तुकडे पाहून तिने तिला मनातल्या मनात शाबासकी दिली होती. लोकांचे कपडे बेतण्यात आयुष्य गेलं, पण असा हात काही आपल्याला साधला नाही, असं तिला वाटायचं. आज सकाळी सुपरमार्केटात थंड कपाटापाशी एक मुलगी येणाऱ्याजाणाऱ्याला चमचाभर सूप चाखायला देत होती. थोरलीने ते तोंडात घातलं आणि तिथेच थबकली. रविवारचं सूप! डबा भावजयीचा, झाकण भावजयीचं आणि आतली करामत कारखान्याची.

गेले कित्येक आठवडे ती त्या चवीच्या मागे लागली होती. मिरी वाढवून पाहिली, लसूण भाजून पाहिला, कांदा लोण्यावर परतून पाहिला. गिऱ्हाइकांचे कपडे मशीनवर तसेच पडून राहायचे आणि ही आपली गॅसपाशी उभी. खुबा मोडल्यापासून आई अंथरुणाला खिळली होती, जीभ मात्र ठणठणीत होती. थोरलीचं सूप कधी पाणचट निघे, कधी खारट. आणि कसंही निघालं तरी शेवटी एकच ऐकायला मिळे, "सूनबाईच्या हाताची सर नाही." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

बेत साधा होता. आईला सूप द्यायचं, "आज जमलं गं तुला" एवढं तिच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि मग खिशातलं पाकीट काढून तिच्या हातात ठेवायचं. एकदाचा सोक्षमोक्ष. पण सूप ढवळता ढवळता थोरलीच्या लक्षात आलं की पाकीट दाखवायची आपल्याला फारशी घाई नाही. आई खरंच तसं बोलली तर ती ते कौतुक गुपचूप घेणार होती. उसनं तर उसनं. पन्नाशी उलटलेल्या बाईला आईच्या एका शब्दाची एवढी हाव असावी, याची तिची तिलाच लाज वाटली.

तिने वाटी भरली, आईच्या पाठीशी उशी लावली आणि पहिला चमचा पुढे केला.

आईने घोट जिभेवर घोळवला. गिळला. तोंड वाकडं केलं.

"विकतचं आणलंस ना?"

थोरलीचा हात खिशावर गेला.

"मला काय कळत नाही? पाकिटातलं आहे हे. त्या औषधी वासावरूनच कळतं." आईने वाटी हाताने दूर लोटली. "आईला दोन घास करून घालायचाही कंटाळा आला का गं?"

"हो, विकतचंच आहे." थोरलीने पाकीट काढून चादरीवर टाकलं. "आणि तुझी सूनबाई दर रविवारी हेच आणते. डब्यात ओतून. चव बघ, तीच आहे. हे गाजर बघ."

आईने पाकिटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चोरी पकडली, तर नाव तिचं?"

"आई, अगं, शपथ घेऊन सांगते."

"नको शपथा घेऊस. ती पोर जीव ओतून करते, ते तुला बघवत नाही. तुझ्या आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" आईला धाप लागली. "फोन लाव तिला. रविवारपर्यंत मी काय उपाशी राहू?"

"लावते की," थोरली म्हणाली. "तिलाच विचार."

तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून उशीपाशी ठेवला. पलीकडे कुठल्याशा ऑफिसातली गडबड ऐकू येत होती.

"अगं, आईला तुझं सूप हवंय. आत्ता," थोरली म्हणाली. "कसं करतेस तेही सांग. ऐकतेय ती."

थोरलीला वाटलं, आता तरी अडखळेल.

"अय्या, इतकं आवडलं आईंना?" भावजय लाडात म्हणाली. "पण आज कसं जमणार हो ताई? भाज्या निवडा, एकसारख्या चिरा, मग मंद आचेवर ठेवून समोर उभं राहा. अर्धा दिवस जातो माझा. काय करणार, झटपट करायचं म्हटलं तर ती चव येत नाही ना."

आईचे डोळे भरून आले. तिने कष्टाने मान वळवली आणि फोनपाशी तोंड नेलं. खुबा मोडल्यापासून तिचा इतका मऊ आवाज थोरलीने ऐकला नव्हता. त्याआधीही कधी ऐकल्याचं तिला आठवेना.

"नको गं बाळ, नको. माझ्यापायी इतकी राबू नकोस. तब्येत सांभाळ तुझी."

फोन बंद झाला. आईने पदराने डोळे पुसले. थोरली पलंगाच्या कडेला तशीच बसून होती. वाटीतल्या सुपावर साय धरू लागली होती.

"बसलीस काय?" आई म्हणाली. "ऊठ. भूक लागलीय मला."