समोरासमोरची दारं

दुपारी बाराच्या सुमाराला समोरच्या दाराशी लावलेल्या पोत्यांमधून पाणी झिरपायला लागलं. रोहिणीनं खाली वाकून चिखल पुन्हा फटीत दाबला. पोती तिनंच सकाळी मातीनं भरून लावली होती, तीन थर. अंबाजोगाईच्या उतारावरचं हे घर. वरच्या आळीचं सगळं पाणी याच दारावर येतं. चार दिवस झाले, पावसानं उसंत घेतली नव्हती.

मधल्या खोलीत तिची आई, सावित्रीबाई, भिंतीला टेकून बसली होती. समोर फरशीवर, जिथं रोहिणीच्या वडिलांना, आप्पांना, शेवटचं निजवलं होतं, तिथं ज्वारीचं पीठ पसरलेलं, त्यावर पालथं टोपलं आणि शेजारी दिवा. आज सहावा दिवस. दहाव्याला टोपलं उचलायचं आणि पिठावर कशाचं पाऊल उमटलंय ते पाहायचं. पाखराचं, गाईचं, की माणसाचं; गेलेल्याचा पुढचा जन्म त्याचा. रोहिणीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी सहा दिवसांत तिनं टोपल्याजवळ झाडूसुद्धा फिरकू दिला नव्हता.

मागचं दार ढकलून आसाराम आला. खालच्या घरच्या भिवराबाईंचा मुलगा, चाळिशी ओलांडलेला. कमरेपर्यंत चिखल. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"काकू, दोन पोती हायती का?"

"भिंत फुगली?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"फुगली. बोळातलं समदं पाणी तिच्यावर बसलंय. मातीची भिंत, किती धरंल."

दाराशी अडलेलं पाणी वळतं, बाजूच्या बोळात शिरतं आणि खाली भिवराबाईंच्या भिंतीला जाऊन तटतं, हे रोहिणीला सकाळीही ठाऊक होतं. म्हणूनच तर आप्पांनी घर बांधताना दोन्ही दारं समोरासमोर ठेवली होती. फार पाऊस झाला की सामान खाटांवर चढवायचं आणि दारं उघडायची. पाणी घरातून सरळ मागच्या नाल्यात जायचं. भिवराबाईंची भिंत त्यावर इतकी वर्षं उभी होती. सकाळी पोती लावताना सावित्रीबाईही काही बोलल्या नव्हत्या.

"भिवरामावशी कुठं आहेत?" रोहिणीनं विचारलं.

"घरातच. शेळी खाटंवर चढवलीय अन् सोता खाली बसलीय. निघंना. फोनवर मेसेज आलाय, सुरक्षित ठिकाणी जावा म्हणून. वाचून दाखवला तर म्हणती, कुठं हाय ते त्येंनाच इचार."

"मग दारं उघडा म्हणायला लवकर यायचं."

आसारामनं तोंडावरचं पाणी पुसलं. "निघालो व्हतो, ताई. तिनं हात धरला. म्हणली, आप्पा होता तवर मागितली पाण्याला वाट. आता मेल्या माणसाला कशाला कामाला लावतो?" तो थोडा थांबला. "मी पोत्यासाठीच आलोय."

"थोडं थांबू या," रोहिणी म्हणाली. "ओसरेल आता."

पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला होता.

सावित्रीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांनी दिवा उचलला आणि चुलीजवळच्या ओट्यावर चढून उभ्या राहिल्या.

"पोत्यानं काय व्हतंय," त्या म्हणाल्या. "आसाराम, तू आईजवळ जा. रोहिणी, आधी मागचं दार सताड उघड. समोरचं आधी उघडलं की पाणी घरातच फिरत बसतंय."

आसाराम गेला. रोहिणी जागची हलली नाही.

"आई, चारच दिवस राहिलेत."

"ठाऊक हाय मला."

"टोपलं उचलून बघू का आधी?"

सावित्रीबाईंनी दिव्याला तळहाताचा आडोसा केला. "बघायचं तर बघ. पर मला सांगू नको."

रोहिणी टोपल्याजवळ बसली. काठाला हात लावला. खालच्या घराकडं काहीतरी धप्पकन पडलं, ओल्या मातीचा लपकाच असावा, आणि शेळी ओरडली. रोहिणी उठली. मागचं दार उघडून त्याला पाटा लावला. मग समोर येऊन वरचं पोतं ओढलं, मधलं ओढलं. तिसरं ओढावं लागलं नाही.

पाणी गुडघ्याइतकं आत आलं. त्याबरोबर कुणाची तरी चप्पल, लिंबाचा पाला, दुधाची पिशवी. टोपलं एका बाजूला कललं, स्वतःभोवती एकदा फिरलं आणि मागच्या दारातून निघून गेलं. त्या जागेवर पाणी हातभर पांढरं दिसलं, मग तेही बोळातल्या पाण्यासारखंच झालं. रोहिणी खांबाला धरून उभी होती.

बऱ्याच वेळानं खालून आसारामची हाक आली. "काकू, बोळातलं उतरलं. भिंत हाय." त्याच्या मागोमाग भिवराबाईंचा आवाज, चिडलेला: "पर कुनी सांगितलं व्हतं सावित्रीला? घरात सुतक हाय, कळतंय का न्हाई?"

सावित्रीबाई ओट्यावर तशाच उभ्या होत्या. त्यांच्या बोटांवर तेल ओघळलं होतं.

"दहाव्याला लोक विचारतील," रोहिणी म्हणाली.

"इचारू दे."

घरातलं पाणी घोट्यापर्यंत आलं. रोहिणीनं पुढं होऊन समोरच्या दाराच्या फळीला हात घातला.

"राहू दे उघडं," सावित्रीबाई म्हणाल्या. "वरच्या आळीचं अजून यायचंय."

रोहिणी दारातून बाजूला झाली.