एक चौकोन वर

डॉक्टरीणबाईंनी आलेखाचा कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "काकू, कमाल केलीत! रेघ कशी चढलीय बघा. इथे बुजत असतील, पण घरी काका दिवसाला चाळीस शब्द बोलायला लागले. आता पुढच्या आठवड्यापासून इथे यायची गरज नाही."

अर्धांगाच्या झटक्याने काकांची वाचा गेली, तेव्हापासून काकूंची सगळी भिस्त इथे आठवड्यातून दोन तास चालणाऱ्या बोलण्याच्या उपचारांवर होती.

आलेख काढायला बाईंनीच शिकवलं होतं. खाली आडव्या रेघेवर तारीख, बाजूच्या उभ्या रेघेवर काका दिवसभरात आपणहून बोलले ते शब्द. "एकेका ठिपक्याने घाबरायचं नाही, रेघ कुठे चाललीय ते बघायचं," असं त्या म्हणाल्या होत्या. काकूंनी उभ्या जन्मात शिवणकामात खडूने कापडावर मारली असेल तेवढीच रेघ. पण शिकल्या बिचाऱ्या. दहा दिवस ठिपके खरे पडले. अकराव्या दिवशी ठिपका खाली आला. काकांनी तो पाहिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी काकूंनी ठिपका एक चौकोन वर दिला. एक चौकोन तो काय! काका कागद बघून मान डोलवायचे, दोन घास जास्त खायचे. मग खोटा ठिपका खाली कसा आणायचा? रोज आणखी वर.

"मॅडम, अजून महिनाभर तरी येऊ द्या ना."

"काकू, बाहेरची रांग बघितलीत? ज्यांच्या तोंडून एक शब्द फुटत नाही, त्यांना नको का जागा?" बाईंनी सहीसाठी पेन उघडलं.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते खुर्चीत बसून त्या कागदाकडेच बघत होते. गप्प राहावं तर उपचार बंद, बोलावं तर माणूस खचणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"सही करू नका," काकू म्हणाल्या. "ती रेघ खोटी आहे. दिवसाला सहा शब्द म्हणजे डोक्यावरून पाणी. बाकीची मी चढवलीय." मग त्या नवऱ्याकडे वळल्या आणि त्यांना रडूच फुटलं. "अहो, चुकलं माझं. तुमचा चेहरा बघवत नव्हता हो मला."

काका खचले नाहीत. दचकलेही नाहीत. त्यांनी डावा हात पुढे करून बायकोचं मनगट धरलं. ओठ दोनदा नुसतेच हलले. बाई पेन तसंच धरून थांबल्या.

"ठा... ठाऊक... होतं," काका म्हणाले.