सगळेच कच्चे लिंबू

वृद्धाश्रमातल्या संगीत खुर्चीत दोन वर्षांत कुणीच बाद झालं नव्हतं. गाणं थांबलं की उभ्या राहिलेल्या माणसामागे एक जादा यांत्रिक खुर्ची आपणहून सरकत येई.

आज ती ताम्हणकर आजींमागे आली. आजी बसल्याच नाहीत.

"बसा ना, आजी," खेळ घेणारी रेवा म्हणाली.

"लपाछपीत धाकट्या भावाला आम्ही कच्चा लिंबू ठेवायचो. कितीदा सापडला तरी बाद नाही. शेवटी रडला बिचारा, 'माझ्यावरही राज्य येऊ द्या' म्हणून. तू तर आम्हा सगळ्यांनाच कच्चा लिंबू केलंस गं."

रेवाने बटण दाबून ती खुर्ची बंद केली आणि चाचरत म्हणाली, "ताम्हणकर आजी... बाद."

आजी ऐटीत बाकावर जाऊन बसल्या. "उद्या बघते एकेकाला!"