दोन बोटांची चीर

"दुखणं इतकं अंगावर का काढलंत, सर?"

"अगं, डॉक्टरच्या पोटात दुखलं तर त्यानं सांगायचं कुणाला?" स्ट्रेचरवर आडवे झाले तरी म्हाताऱ्या सर्जनचं तोंड चालूच होतं.

त्यांच्या हाताखाली शिकलेली डॉक्टरीण हसली नाही. तिनं सोनोग्राफीचा कागद खिशात कोंबला, पुन्हा काढला. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढणं तिच्या हातचा मळ होता. पण आत सगळं चिकटलेलं निघालं, तर पोटच उघडावं लागणार. आणि ते तिनं फक्त सर शेजारी उभे असताना केलं होतं. आज सरच टेबलावर, आणि मदतीला बोलवावं असं दुसरं कुणी जवळपास नाही.

दोन बोटं जातील एवढ्याशा चिरेतून सर अपेंडिक्स काढायचे, आणि त्याची कोण मिजास! कुणाची चीर जरा लांबली की सगळ्यांदेखत ओरडायचे, "पोट आहे का पोतं?" ते ऐकून ती एकदा जिन्यात बसून रडली होती.

"उघडावं लागलं तर?" तिनं शेवटी विचारलंच.

"तर उघड. त्यात कसली आलीय लाज?" सर म्हणाले. "सिस्टर, ते खुणेचं पेन द्या पाहू. आणि हिला हात धुवायला पिटाळा."

ती परत आली तेव्हा सरांना भूल चढली होती. उजव्या कुशीवरच्या हिरव्या कापडाखालून निळ्या रेघेचं टोक डोकावत होतं. तिला रागच आला. झोपतानाही माप घालून ठेवलंय!

पडद्यावर आतलं दिसलं. आतडी एकमेकांना घट्ट चिकटलेली. तिनं एका बाजूनं सोडवून पाहिलं, मग दुसऱ्या. दुर्बिणीची काच पुन्हा पुन्हा माखत होती.

"काय ते ठरवा, मॅडम," भूल देणारे डॉक्टर म्हणाले.

"उघडते." तिनं दुर्बीण बाहेर काढली.

सिस्टरनं कापड सरकवलं. डॉक्टरणीनं सवयीनं रेघेवर दोन बोटं टेकवली. बोटं संपली, रेघ संपेना. चांगली वीतभर होती.

"मी म्हटलं, सर, एवढी मोठी?" सिस्टर तिच्या हातात सुरी देत म्हणाली. "तर म्हणाले, पोतंच आहे ते. पोरीला हात घालायला जागा नको?"