काशीला गेलेली माणसं

टिळेकर गुरुजी वाटभर एकच वाक्य घोकत आले : "वडिलांची टोपी कपाटातून काढा, उद्या उद्घाटनाला अख्खं गाव येणार."

जुन्या मनोरुग्णालयाचं संग्रहालय झालं होतं. काचेच्या कपाटात रुग्णांकडून भरतीवेळी काढून घेतलेल्या वस्तू होत्या, खाली नावं. गुरुजींनी मात्र गावाला चाळीस वर्षं सांगितलं होतं, "वडील काशीला गेले."

संग्रहालयाच्या दाराशी बाकावर गावातले वकील आणि सराफ आधीच बसलेले. गुरुजींना पाहताच दोघांनी तोंडापुढे एकच वर्तमानपत्र धरलं. एकाचा काका काशीला गेलेला, दुसऱ्याची आई.

म्हाताऱ्या मेट्रनबाई बाहेर आल्या. "या गुरुजी! तुमच्याकडचं कोण काशीला?"

वर्तमानपत्रामागून सराफ खुदकन हसले. "अहो, खऱ्या काशीतसुद्धा एवढी गर्दी नसेल!"

चाळीस वर्षांचं ओझं उतरलं. गुरुजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, "माझे वडील; कपाटात टोपी आहे त्यांची."

"टोपी काढायची ना?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"छे! जरा सरळ ठेवा. बाबांना तिरकी चालत नसे."