स्क्रीनवरचे ठिपके

"अजून आहेतच हो ते ठिपके!" दमयंतीबाई वैतागून म्हणाल्या. सांगलीत त्या घरीच लग्नपत्रिका टाइप करायच्या, आणि सकाळपासून स्क्रीनवर अनुस्वार कुठला नि डाग कुठला हेच त्यांना कळेनासं झालं होतं. कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या बशीरभाईंनी काच पुसली, केबल बदलली, शेवटी दुकानातला दुसरा मॉनिटर आणून जोडला. "आता तर कडेला सावलीही आलीय," बाई म्हणाल्या.

बशीरभाईंना स्क्रीन लख्ख दिसत होता. त्यांनी मॉनिटरच बंद केला. "बाई, एकेक डोळा झाकून भिंतीकडे बघा."

डावा डोळा झाकला मात्र, भिंतीवरही तेच ठिपके तरंगू लागले. "अहो, इथेही आहेत!" बाई म्हणाल्या.

"माझ्या अम्मीला असंच झालं होतं. आम्ही नुसते चष्मे बदलत बसलो, डोळा गेला तिचा. उठा, पत्रिका राहू द्या." त्यांनी रिक्षा बोलावली आणि बाईंना थेट मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला होता. संध्याकाळीच ऑपरेशन झालं. "उद्यावर टाकलं असतं तर डोळा वाचला नसता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतक्या लवकर ओळखलं कुणी?"

बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. बाहेरच्या बाकावर बशीरभाई त्यांची पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि फोनवर कुणाला तरी सांगत होते, "आज दुकान बंद हो. घरचं माणूस दवाखान्यात आहे."