सोंडेचा तडा

हमरापुरात गोपाळच्या गणपतींच्या कारखान्यात एकच कायदा होता. मूर्तीला तडा गेला की प्लास्टर भरायचं, वर रंग मारायचा आणि तोंड मिटून गिऱ्हाईकाला द्यायची. देवाच्या नावानं चाललेली ही लबाडी त्याला कधी लबाडी वाटलीच नाही. त्यामुळे विमान दुरुस्तीच्या नोकरीतल्या त्याच्या पोरीनं, हेमांगीनं, स्वतःची चूक स्वतःच्या हातानं वरिष्ठांना लिहून दिल्याचं सांगितलं, तेव्हा त्याचा ब्रश तसाच हवेत राहिला.

"स्क्रू सैल राहिला, विमान सुखरूप परत आलं, कुणी बघितलं पण नाय. मग कशाला बोललीस गो? नोकरी गेली समज."

"नाय गेली, बाबा. सरकारी साहेब आणि कंपनीवाले एका टेबलावर बसले. कुणी केलं ते सोडून कसं झालं ते विचारलं. तपासणीच्या कागदावर त्या स्क्रूची ओळच नव्हती. आता सगळ्या कंपन्यांच्या कागदावर ती ओळ हाय."

गोपाळनं ब्रश पुन्हा रंगात बुडवला. दुपारी पनवेलचं जुनं गिऱ्हाईक आलं आणि ठरलेली मूर्ती टेम्पोत चढवू लागलं. गोपाळनं आडवा हात घातला.

"थांबा. हिच्या सोंडेला तडा गेलेला, मीच रंगवून झाकलाय. दुसरी न्या."

गिऱ्हाईक हसलं. "वीस वर्षं मूर्ती नेतोय, गोपाळशेठ, असलं कधी बोललात नाय. आज काय झालं?"

गोपाळनं मूर्ती आपल्या हातानं खाली उतरवली.

"पोरगी विमानं सांभाळते माझी."